तेरवीचा फोटो

पडद्यावर वच्छलाच्या धडावर सीताबाईचं डोकं बसलं होतं.

वच्छला स्टुडिओच्या दारातच थबकली. नवऱ्याच्या, डोमाच्या तेरवीचा बाजार करायला ती ब्रह्मपुरीला आली होती. दुकानासमोर सावत्र लेकाची, प्रफुलची गाडी उभी दिसली म्हणून सहज आत डोकावली. प्रफुल पाठमोरा उभा होता. त्याच्या पुढ्यात निकेश फोटोवाला माउसनं सीताबाईची हनुवटी जराशी खाली ओढत होता.

"गळ्याचा रंग जुळत नाई," निकेश म्हणाला. "जुन्या फोटोत बाईचा चेहरा गोरा आला हाये. खालचं आंग काळं."

"मंग आंग गोरं कर."

फोटो चिमूरच्या घोडायात्रेतला होता. डोमाचा नीट असा तेवढाच एक फोटो. "बाबाचा मोठा करून आनतो," असं प्रफुल म्हणाला, तेव्हा वच्छलानं ट्रंकेच्या तळातून तो स्वतःच काढून दिला होता. त्यात डोमा आणि ती शेजारी उभे होते. हिरवं लुगडं तिचं होतं. डोमाच्या खांद्यावर टेकलेला हात तिचा होता, मनगटावरचं गोंदणही तिचंच. चेहरा तेवढा प्रफुलच्या आईचा. सीताबाई तो रांगत असतानाच गेली, आणि मग डोमानं वच्छलाशी पाट लावला.

"हे काय करून राह्यला तू?"

प्रफुल दचकून वळला. "मावशी! तू इथी काऊन?"

"मी काय इचारून राह्यली?"

"अवं, जित्या मानसाच्या फोटोले हार घालत नाई. तेरवीत तुह्या फोटोले हार चढवू का मी? अपशकुन होते."

"मंग मले काढाचं होतं! मी नाई म्हनलं असतं का?" वच्छला खुर्चीला वळसा घालून पडद्यापाशी गेली आणि काचेवर बोट आपटलं. "हा हात माहा हाय. हे लुगडं माहं हाय. मुंडकं तेवढं उडवलं माहं!"

"बाई, काच..." निकेश पुटपुटला. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

प्रफुलनं दारातून बाहेर पाहिलं. आवाज खाली आणला. "मामाचे लोक येतीन उद्या. बाबाच्या बाजूनं माय पाह्यजे."

"तं तिचा अलग फोटो लाव. कोन नाई म्हनते?"

"त्या दोघाइचा एकत्र फोटोच नाई, मावशी. एकई नाई. मी पाह्यलाच नाई त्याइले संग."

हे तो खरं बोलत होता, आणि त्याचा तिला आणखीच राग आला.

"नाई तं नाई! तुले गोवर निघाला तवा हाच हात तुह्या कपाळावर होता. तुह्या बाबाले लकवा मारला, तं ह्याच हातानं त्याच्या तोंडात पेज घातली मी. आता तो हात तुह्या मायले देतं? तवा आली होती का तुही माय?"

बोलून गेली आणि तिची तिलाच जीभ चावावीशी वाटली. सीताबाईशी तिचं भांडण नव्हतं. पितरपाटात सीताबाईच्या नावाचा घास दरवर्षी तीच ठेवायची, कावळा शिवेपर्यंत उन्हात उभी राहायची. मेलेल्या बाईवर तोंड सुटलं ते या पोरापायी.

मग तिनं बाजूच्या स्कॅनरचं झाकण उचललं, काचेवर पालथा पडलेला आपला फोटो घेतला, पदरानं पुसला आणि पिशवीत हळदीच्या पुडीखाली ठेवला.

"भाऊ," ती निकेशला म्हणाली, "मले काढ. अख्खी काढ. एक बोटई राहू देऊ नोको."

निकेशनं प्रफुलकडे पाहिलं.

"काढ," प्रफुल म्हणाला.

आधी सीताबाईचं डोकं गेलं. मग हिरवं लुगडं खालून वर पुसत गेलं. खांद्यावरची बोटं निघता निघेनात. निकेशनं फोटो मोठा केला, दुसऱ्या खांद्यावरचं सदऱ्याचं कापड उचलून एकेका बोटावर लावलं. फोटोत वच्छला उभी होती तिथं मागच्या भिंतीचा तुकडा आणून चिकटवला. वच्छला सगळं पाहत राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

पडद्यावर डोमा एकटा उरला.

"हा असा कलला काऊन?" प्रफुलनं विचारलं.

निकेशची नजर वच्छलाकडे गेली. प्रफुलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"सरळ कर त्याले."

निकेशनं फोटो फिरवला. डोमा ताठ उभा राहिला आणि मागचं बालाजीचं देऊळ कलंडलं. कळस, झेंडा, नारळवाल्याची ताडपत्री, सगळी यात्राच एका अंगाला घसरली.

"देऊळ पडून राह्यलं," निकेश म्हणाला.

प्रफुल पडद्यापासून मागे सरला. "राहू दे मंग. जसा होता तसा."

निकेशनं एक बटण दाबलं. देऊळ सरळ झालं. डोमा पुन्हा कलला, शेजारच्या रिकाम्या जागेकडे, मान किंचित झुकवून, कोणी कानाशी काही सांगतंय आणि तो ऐकतोय असा.

वच्छलानं पिशवी खांद्याला लावली.

"हाव," ती म्हणाली. "आता छाप."