दोरातली वाळू

स्वतःच्या गाडीच्या पुढे बसवलेल्या विंचवरचा, रुतलेली गाडी ओढायच्या यंत्रावरचा, दोर उलगडता उलगडता ग्लेनिसचे हात थांबले. टोकाजवळचा हातभर भाग वितळून कडक झाला होता, शेजारचे धागे पिंजले होते, आणि दाबलं की आतून वाळू करकरत होती.

"लाइल, हा दोर तू झाडाला गुंडाळला होतास?"

"एकदाच," तिचा भाऊ म्हणाला. "झाडाला बांधायचा पट्टा कोण शोधत बसणार?"

त्याची गाडी समोर आसापर्यंत रुतली होती आणि भरतीचं पाणी मागच्या चाकांना लागलं होतं. आत त्यांची आई, बेरिल. खुब्याचा सांधा नुकताच बदललेला. या मऊ वाळूत तिला चार पावलं चालवणं शक्य नव्हतं.

"आणि धुतलाही नाहीस."

"दोर आहे तो, तान्हं बाळ नाही. चालतंय गं."

ग्लेनिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या महिन्यात मागून नेलेली तिची गाडी त्यानं वरून चकाचक करून परत आणली होती, आणि तिनं वर त्याचे आभारही मानले होते. दोर मात्र ओला, वाळूसकट तसाच गुंडाळलेला. पोलादी तारेनं एक वेळ चालवून घेतलं असतं. या कृत्रिम धाग्यांच्या दोराला आतली वाळू धागा धागा कापत जाते, हे किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही सांगेल.

"हा तुकडा कापून नवा फास ओवावा लागेल. चाकू दे."

"आत्ता? पाणी बघ जरा. तू ओढ, धरेल तो."

"त्याला बोलू नकोस गं," खिडकीतून आई म्हणाली. "लहान आहे तो."

लहान बावन्न वर्षांचा होता.

ग्लेनिसनं दोराचं टोक नेऊन त्याच्या गाडीला अडकवलं. मग ती वळली.

"धरेल म्हणतोस ना? मग आत बस आईशेजारी. स्टिअरिंग धर."

लाइलनं दोराकडे पाहिलं. दोर सरळ आईच्या समोरच्या काचेच्या दिशेनं गेला होता; तुटला तर उसळून तिथंच आदळला असता. तो मागे सरला, आणखी मागे सरला, थेट झुडपांपाशी जाऊन उभा राहिला.

"मी इथून बघतो," तो ओरडून म्हणाला. "बाहेरून सांगायला कुणीतरी लागतं. आई धरेल की स्टिअरिंग, हात लांब करून."

उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा जन्म गेला होता. पण आज ते आई पाहत होती. तिनं आधी दोराकडे पाहिलं, मग झुडपांकडे.

"लाइल," ती म्हणाली, "बहिणीला चाकू दे. आणि इथं येऊन बस."

ग्लेनिसनं खराब तुकडा कापून टाकला, दोराचं टोक त्याच्याच पोटात ओवून फास केला, तुटलाच तर उसळू नये म्हणून वर जाड घोंगडी टाकली आणि विंच सुरू केला. गाडी बाहेर आली तेव्हा पाणी दारांना लागलं होतं.

संध्याकाळी अंगणातल्या हिरवळीवर लाइल बादली घेऊन बसला होता. मुठीतून दोर पिळत, सरकवत त्यानं शेवटपर्यंत नेला.

"झालं," तो आईकडे बघून म्हणाला.

बेरिलनं चहाचा कप खाली ठेवला. खुर्चीतूनच वाकून बादलीत हात घातला आणि तळाचं पाणी बोटांत चोळून पाहिलं.

"अजून वाळू निघतेय," ती म्हणाली. "पाणी बदल."