नळीतला दसरा

"नळीत काय कोंबलंय?" विमानतळावरच्या अधिकाऱ्याने बाबांची बंदूक उघडून दिव्यासमोर धरली होती. आरपार काहीच दिसत नव्हतं.

बाबा गेल्यावर बंदूक माझ्या नावावर झाली होती आणि आईला सोबत घेऊन मी ती नागपूरला नेत होते. परवाना, विमान कंपनीचं पत्र, कुलपाची पेटी, सगळं जमवून आणलं होतं. काडतूस तर एकही नव्हतं.

त्याने तार घालून ओढलं. आपट्याचं वाळकं पान बाहेर आलं. मग दुसरं, तिसरं. टेबलावर ढीग झाला.

"मीच घातलीत," आई म्हणाली. "दर दसऱ्याला पूजा झाली की एक पान आत सारायची. बार उडाला की जात असेल बाहेर, असं वाटायचं."

"आजी, बार उडाला असता तर नळी फुटून माणूस गेला असता!" अधिकारी म्हणाला.

आमचं शेत डोंगरापलीकडे, तिथला आवाज घरी यायचा नाही. पिकात डुकरं शिरली की बाबा बंदूक घेऊन जायचे आणि परत येऊन सांगायचे, "बार उडवला, पण नेम थोडक्यात हुकला." आई जन्मभर त्या नेमाला हसली.

तिने एक पान उचलून पदराला पुसलं. डोळे भरले होते, तरी तिला हसू फुटलं.

"म्हणजे एकदासुद्धा बार उडवला नाही ह्यांनी," ती म्हणाली. "डुकरांनाही ठाऊक असणार. मलाच तेवढं नव्हतं."