कारखान्यातला निळा

कॉफीच्या भांड्याचं झाकण खडखडलं आणि डेला दचकली. इतका वेळ स्वयंपाकघर चिडीचूप होतं. टेबलापलीकडे जुन्या बंदुका विकत घेणारा म्हातारा लिंडक्विस्ट डोळ्याला भिंग लावून बसला होता, आणि भिंगाखाली स्वच्छ फडक्यावर ते जुनं रिव्हॉल्व्हर होतं.

"उतू जाईल हं," मान वर न करता तो म्हणाला.

तिनं भांडं उतरवलं, दोन कप भरले. टेबलावर मात्र पाहिलं नाही. तिचा नवरा वेड गेल्याला आठ महिने झाले. तेवढ्या काळात तिनं ते रिव्हॉल्व्हर एकदाच हातात घेतलं होतं, आज सकाळी, तेही भांडी पुसायच्या फडक्यात धरून.

सात वर्षांची पर्ल खिडकीखाली बसून कागदी बाहुलीला झगा चढवत होती. खिडकीबाहेर मोंटानाचं करडं आभाळ कोठाराच्या छपराला टेकलं होतं.

"आधीच सांगते," डेला म्हणाली, "माझा दीर म्हणतो, याचा निळा रंग नंतर कुणीतरी चढवलाय. भंगार आहे. नदीत फेक, नाहीतर मला दे, मी फेकतो, म्हणाला."

"बंदुकांमधलं कळतं त्याला?"

"शेरीफच्या कचेरीत आहे."

"म्हणजे नाही कळत."

डेलाला हसू आलं. मग तिचं तिलाच वाईट वाटलं. दिरानं, हार्लननं, त्यांच्यासाठी काय केलं नव्हतं? हिवाळाभर लाकडं फोडून दिली, कुंपण बांधलं, दर रविवारी दोघींना चर्चला नेलं. "ओरेगॉनला बहिणीकडे कशाला जातेस? मी आहे ना इथं," एवढंच त्याचं म्हणणं. पण रंग कारखान्यातला निघाला, तर तिकडे वर्षभराचं घरभाडं सुटणार होतं. नाही निघाला, तर आणखी एक हिवाळा इथंच, कोठार दिसणाऱ्या या खिडकीशी.

"ही चिठ्ठी कसली?" लिंडक्विस्टनं रिव्हॉल्व्हरच्या घोड्याला बांधलेला चिठ्ठीचा दोरा बोटानं हलवला.

"कचेरीची. वेड गेला तेव्हा नेलं होतं त्यांनी. हार्लननंच परत आणून दिलं."

"घासलंबिसलं नाही ना कुणी? पिसाटल्यासारखे घासतात लोक."

"माहीत नाही."

म्हाताऱ्यानं एक स्क्रू पिळून काढला आणि उजेडात धरला. मोरपिसासारखा निळा. नळीवरच्या अक्षरांवरून त्यानं नख फिरवलं. मग गोळ्या भरायचं चक्र बाहेर काढून त्याच्या तोंडाकडे इतका वेळ पाहत राहिला, की कॉफीवर साय धरली.

"बाई," शेवटी तो म्हणाला, "तुमच्या दिराला सांगा, कैद्यांकडेच लक्ष दे. रंग कारखान्यातला आहे. पुन्हा रंगवायचं तर आधी घासावं लागतं, आणि घासलं की अक्षरांच्या कडा विरघळतात, स्क्रूंच्या भोकांना बशीसारखा खळगा पडतो. इथं नख अडकतंय बघा."

डेला खुर्चीत बसली.

"आणि नुसतं तेवढंच नाही." म्हाताऱ्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "चक्राचं हे तोंड पाहा. गोळी सुटली की दारूच्या आचेनं इथं काळं कडं उमटतं. एका गोळीनंसुद्धा. पुसून काढायला जावं, तर रंगही जातो, पांढरं लोखंड उघडं पडतं. आणि इथं? अख्खा निळा! कारखान्याबाहेर पडल्यापासून यातून एकही गोळी सुटलेली नाही. चाळीस वर्षांत असं दुसरं पाहिलं नाही मी. तुम्ही म्हणाल त्याच्या दुप्पट देतो."

डेलानं एप्रनमध्ये तोंड लपवलं. ओरेगॉन. समुद्राजवळची शाळा. पर्लला नवे बूट.

"रडू नका हो. गाडीतून कागद आणतो, सही करा, झालं." दारात थांबून तो म्हणाला, "आणि डोळे पुसायला ते फडकं नका वापरू. त्याला तेल लागलंय."

दार लागलं. पर्ल उठून टेबलाशी आली. हात पाठीमागे बांधून, तिला शिकवलं होतं तशी, लांबूनच वाकून पाहू लागली.

"जायचं आपण, चिमणे," डेला डोळे पुसत म्हणाली. "मावशीकडे. खरंच जायचं."

अंगणात दुसरी गाडी वळली. पुढच्या पायऱ्यांवर लाकडाचा भारा टाकल्याचा धप्प आवाज आला, मग ओळखीच्या बुटांचा.

"आई," पर्लनं विचारलं, "हार्लनकाका तर म्हणाला होता, कोठारात बाबांच्या हातात हेच होतं. मग बाबांना लागली ती गोळी कशातून सुटली?"