हाक मारायचं नाव

"मग त्याच नावाची दुसरी मुलगी जिवंत असेल तर, मिस?" सिप्पोराने विचारलं. "तिला काय म्हणतात?"

सुलक्षणाच्या हातातला खडू थांबला. सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या, तिच्या इंग्लिशच्या वर्गात तीन आठवडे ऑस्ट्रेलियातल्या अबोरिजिनल लोकांच्या कथा चालल्या होत्या. आजच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर सूचना होती, की यात मरण पावलेल्या माणसांची नावं आहेत. त्यावरून विषय निघाला. त्यांच्यातल्या बऱ्याच समाजांमध्ये माणूस गेलं की त्याचं नाव पुढे कितीतरी दिवस, कधी कधी वर्षानुवर्षं, कुणी उच्चारत नाही, असं तिने सांगितलं. आधी सगळे जमून रडतात. मग सगळे मिळून ते नाव बाजूला ठेवतात. मागच्या टेबलावरच्या अतुलने शेरा मारला, की मग हजेरी घ्यायची पंचाईतच. वर्ग हसला. सिप्पोरा हसली नाही, तिने हात वर केला होता.

"तिला दुसऱ्या नावाने हाक मारतात," सुलक्षणा म्हणाली. "बराच काळ."

"बरं आहे की," सिप्पोरा म्हणाली. "म्हणजे तिला ती गेलेली बाई म्हणून नाही जगावं लागत."

घंटा झाली. मुलं खुर्च्या सरकवत निघून गेली. सुलक्षणा तिथेच बसून राहिली.

तिच्या बॅगेत मुलीच्या नर्सरीचा फॉर्म होता. उद्या द्यायचा होता. सगळे रकाने भरून झाले होते, एकच उरला होता: मुलीला कोणत्या नावाने हाक मारतात?

मुलीसाठी तिने शिल्पा हे नाव ठरवलं होतं. तिच्या नवऱ्याला, जयंतलाही ते आवडलं होतं. पण बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने, आणि आत्या नव्हती. जयंतची बहीण नऊ वर्षांची असताना सांगलीला तापाने गेली होती. म्हणून सासूबाई पुढे झाल्या. पाळण्यात वाकल्या, बाळाच्या कानाशी पुटपुटल्या, आणि मान वर करून सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाल्या, मधुमती. गेलेल्या मुलीचंच नाव. जयंत पेढ्यांचा बॉक्स तसाच ठेवून गार्डनमध्ये निघून गेला. दुसऱ्या आठवड्यात त्याने जन्मनोंदणीच्या कागदावर मधुमतीच लिहिलं. का, ते सांगितलं नाही. त्या बहिणीबद्दल घरात कुणी बोलायचं नाही, असा सासऱ्यांचा नियम होता. मधूच्या जन्माच्या वर्षभर आधी ते गेले. नियम तसाच राहिला.

आता मधू चार वर्षांची होती. सासूबाई तिची वेणी घालताना हळू आवाजात काहीतरी सांगत राहायच्या. सुलक्षणा जिन्यात उभी राहून ऐकायची. तुला साय आवडायची हो मधू. तुला निळी रिबन लागायची. सुलक्षणा आत गेली की बोलणं थांबायचं.

गेल्या रविवारी आंघोळ करताना मुलीने विचारलं होतं, "मम्मी, मी बिफोर मोठी होती ना? मग मी कुठे गेली होती?"

सुलक्षणाने तिला टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळलं होतं. सासूबाईंशी भांडण करता येत नव्हतं. एकदाच तिने विषय काढला होता, तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "मग माझं सांगलीचं तिकीट काढा." नर्सरी रोज अडीच तासांची. बाकीचा दिवस मधूला कोण बघणार? पैसे घेऊन मूल सांभाळणारी चाइल्डमाइंडर इथे परदेशात परवडत नव्हती, आणि नोकरी सोडली तर घराचे हप्ते एकट्या जयंतच्या पगारात भागत नव्हते. त्या छोट्या घरात सुलक्षणाला पाय आपटायलाही जागा नव्हती.

तिने पेन काढलं आणि रिकाम्या वर्गात बसून रकान्यात लिहिलं: शिल्पा.

घरी पोचली तेव्हा सासूबाई किचनमध्ये कणीक मळत होत्या. मुलगी पुढच्या खोलीत टीव्ही बघत होती. सुलक्षणाने कोट काढला नाही. काढला असता तर धीर गेला असता. तिने फॉर्म वर्कटॉपवर, परातीशेजारी ठेवला.

"आई, शाळेत तिला शिल्पा म्हणतील. आजपासून घरातही तेच म्हणायचं. ती घाबरते. आपण कोण ते तिला कळेनासं झालंय."

सासूबाईंनी हात धुतले, पुसले, चष्मा लावला. इंग्लिश त्या अक्षर अक्षर लावून वाचायच्या. वेळ लागला. सुलक्षणा तिकिटाच्या वाक्याची वाट बघत उभी होती. मनातल्या मनात ती नोकरी सोडण्याचं पत्रही लिहायला लागली होती.

"घाबरते?" सासूबाईंनी विचारलं.

सुलक्षणाने आंघोळीच्या वेळचं सगळं सांगितलं.

त्या स्टुलावर बसल्या. मग त्यांनी फॉर्मची घडी घालून सुलक्षणाच्या हातात दिली.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "पोरीला असं वाटेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. यांनी घरात माझ्या लेकीचं नाव काढू दिलं नाही. हे गेले, तर आता नाव काढलं की जयंत उठून जातो. पंचवीस वर्षांनी ते नाव मी मोठ्यांदा म्हटलं, ते या बारशाला. शिल्पा म्हण तू. मीही म्हणेन. फक्त माझ्या त्या मधूचं नाव घ्यायला मला दुसरं काहीतरी निमित्त दे."