शेवटची दोन घरं

"आता सांगतो ते कुणाला पटायचं नाही," म्हातारा तंत्रज्ञ म्हणाला. "मला स्वतःलासुद्धा तीन वर्षं पटलं नव्हतं. बायकोला जाऊन अकरा वर्षं झाली, पण तिच्या रक्तातलं वाढीचं प्रथिन अजून वाढतंय."

नव्या तंत्रज्ञ मुलीने हातातला तक्ता काही खाली ठेवला नाही. किटची प्लेट टेबलावर फॉइलखाली झाकलेली होती. शहाण्णव घरं, म्हणजे नमुना भरायचे इवले खळगे, प्रत्येक नमुन्याला शेजारशेजारची दोन. रंग चढायला वीस मिनिटं होती. मोठ्या मॅडमनी सकाळीच बजावलं होतं, उद्यापासून शेवटची दोन घरंही पेशंटना द्या. पडताळायला कंपनीचा नमुना किटमध्ये येतोच, घरचा कशाला? कोणतं घर कुणाचं, तो तक्ता मुलगी लिहिणार, म्हणून म्हातारा तिच्या मागे लागला होता.

"घरचा म्हणजे काकूंचा?"

"तिचाच. इथंच कामाला होती, समोरच्या स्टुलावर बसायची. प्लेट खरं बोलते का, हे बघायला ठरलेलं रक्त लागतं. मी म्हटलं, माझं घ्या. तर म्हणाली, तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार? स्वतःचं दिलं. तीनशे चिमुकल्या कुप्या फ्रीजरात रचल्या आणि गेली निघून."

"मग आकडा दर वेळी तोच यायला हवा."

"हवा ना. पण मी जेवण टाळलं की दुसऱ्या दिवशी वीसने चढतो, रागाने. सर्दी अंगावर काढली तर चाळीसने. एकदा तर मशीनने आकड्याच्या जागी छापलं, 'आधी केस कापून या.'"

"दाखवा तो कागद."

"न्हाव्याकडे राहिला. पुरावा म्हणून नेला होता."

मुलगी हसली. म्हातारा हसला नाही.

"दोन घरं तेवढी राहू दे गं. चौऱ्याण्णव पुरे की बाकीच्या जगाला."

टायमर वाजला. तिने फॉइल काढलं, रंग थांबवणारं आम्ल घरोघर सोडलं. निळ्याचं पिवळं होत गेलं. शेवटची दोन घरं सकाळी म्हाताऱ्याने स्वतः भरली होती; ती तो कुणाला भरू द्यायचा नाही. आता तो पाठमोरा होऊन चष्मा पुसत होता.

"बघ, आज किती चढलीय ती," तो न वळताच म्हणाला.

मुलीने प्लेट उजेडात धरली. शेवटून दुसरं घर पिवळं झालं होतं. शेवटचं पाण्यासारखं नितळ होतं. तिने मान वर केली. म्हाताऱ्याच्या दुमडलेल्या बाहीखाली, कोपराच्या आतल्या बाजूला, ताजा कापसाचा बोळा चिकटवलेला होता.

"काका, खोटं," ती हळूच म्हणाली. "काकूंच्या कुप्या संपल्यात. हे पिवळं घर तुमचं आहे. आणि शेजारचं तुम्ही काकूंसाठी रिकामं ठेवलंय."