दुरुस्त केलेला शब्द

चपला घालून शशिकांत पाटणकर दारात वळले आणि म्हणाले, “जातो.”

इंदुमतींनी पुढे केलेली दह्याची वाटी मागे घेतली. “अहो, ऑपरेशनला निघताना असं बोलतात का?”

पाटणकरांनी जोरजोरात मान हलवली आणि पुन्हा ओठ हलवले. कॅन्सरने नेलेला त्यांचा आवाज गळ्यात अडकवलेल्या, ओठ वाचून बोलणाऱ्या यंत्रातून आला, “जातो.”

“आई, बाबा ‘येतो’च म्हणतायत,” मुलगी मृदुला म्हणाली. “कालच्या अपडेटपासून यंत्र चुका दुरुस्त करतं. माणूस घराबाहेर पडतोय, म्हणून ‘जातो’.”

“मग तू त्याला दुरुस्त कर. कॉम्प्युटर शिकलीस ना?”

“कंपनीने आतलं सगळं कुलूपबंद ठेवलंय. उघडलं तर गुन्हा होतो.”

“आवाज ह्यांचा आणि कुलूप त्यांचं?”

पाटणकरांनी यंत्र बंद केलं. बायकोसमोर येऊन त्यांनी तोच शब्द नुसत्या ओठांनी, सावकाश म्हटला.

“या,” इंदुमती म्हणाल्या. “लवकर या.”

संध्याकाळी मृदुला एकटीच परतली. तिच्या पिशवीत बाबांच्या चपला होत्या आणि ते यंत्र, बंदच. इंदुमतींनी चपला उराशी धरल्या आणि कपाळावरचं कुंकू पुसलं.