हो म्हन

रानात वाघ फिरत होता, म्हणून मोहा वेचणाऱ्या बाया घडीघडीला एकमेकींना हाक देत. सगळ्या ‘हो’ म्हणायच्या. बुधरीची शिकलेली सून दिव्या तेवढी ‘ओके’ म्हणायची.

“तोंडात हो मावत नाई काय वो तुह्या?” बुधरीनं काल तिला चारचौघींत झापलं होतं.

आज बुधरीनं हाक दिली. झाडाझाडांआडून ‘हो’ आले, ‘ओके’ काही आला नाही. तिच्या हातची टोपलीच गळाली. काट्याकुट्यांतून ती धावत सुटली. “दिव्या, माय माही, ओके म्हन वो!”

पळसाआडून दिव्या उभी राहिली. “म्हनलो ना मी हो, आत्याबाई. तुमीच तं सांगतलं.”

बुधरीनं पदरानं तोंड पुसलं. “मी सांगतलं तं लगेच आयकाचं काय वो?”